वॉरंट आणि पुडी

बाभळी बंधाऱ्यावरून २०१० साली झालेल्या आंदोलनापायी महाराष्ट्रातल्या धर्माबादच्या न्यायालयाने २०१८ मध्ये थेट आंध्रच्या मुख्यमंत्र्यांवर, चंद्राबाबू नायडूंवर, अजामीनपात्र वॉरंट काढलं होतं. कायद्याचे हात इतके लांब असलेल्या गावातही रस्त्यावर गुटख्याची पुडी टाकणारा निर्धास्त असतो. का नसावा? राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे ती पुडी कायद्याने अस्तित्वातच नाही. मग तिच्यासाठी डबा तरी कोणी आणि कशाला ठेवावा?

डबे नसतातच असं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला सांगितला, तसा गावोगावी हिरव्या-निळ्या डब्यांचा जोडा दांडीला लटकला. जागा निवडली ती फोटो चांगला येईल अशी. चहाचा कागदी कप टपरीसमोरच रिकामा होतो आणि डबा असतो चौकापलीकडे, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली. तिथवर कप हातात धरून जाणाऱ्याला लोक येड्यात काढतात. बरं, पोचलाच तर डब्याला बूड नसतं.

थुंकीपासून भिंत वाचवायची युक्ती मात्र अस्सल देशी: जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स. थुंकणारा थबकतो, हात जोडतो आणि वीतभर सरकून थुंकतो.

धर्माबादची मिरची नावाजलेली. कोपऱ्याकोपऱ्यात तिची चिमूट टाकून बघायला हरकत नाही. ठसका लागला की पिचकारी आणखी लांब जाईल, एवढीच काय ती भीती.