प्रेमकादंबरीला पुरस्कार: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (अर्जुनी मोरगाव आवृत्ती)

धानाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून ज्याने एक प्रेमकादंबरी सुरू केली आहे, ती आता संपत आली आहे आणि तिला एखादा पुरस्कार मिळावा असं ज्याला मनातून वाटतं, अशा होतकरू लेखकासाठी ही मार्गदर्शिका आहे. मुक्काम अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. पुण्या-मुंबईच्या लेखकांनी वाचायला हरकत नाही. मात्र सारस, इटियाडोहचं धरण आणि वडसा कुठून पैदा करायचे ते त्यांचं त्यांनी बघावं.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. असा पुरस्कारच नाही. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांची यादी काढा आणि बोट ठेवून वाचा. कादंबरीला हरी नारायण आपटे यांच्या नावाचा पुरस्कार आहे, लेखकाच्या पहिल्याच कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा आहे, विनोदाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा आहे. पुढे चरित्र येतं, समीक्षा येते, शेती आणि तिच्या पूरक व्यवसायांवरच्या पुस्तकांसाठी वसंतराव नाईकांच्या नावाचाही पुरस्कार येतो. प्रेमकथेचं नाव कुठेच येत नाही. म्हणजे तुमच्या त्या वहीतल्या पुढच्या बाजूला, धानाच्या हिशेबाला, शासनदरबारी जागा आहे. मागच्या बाजूला नाही.

परदेशी अर्ज करावा असं मनात येईल. इंग्लंडात प्रणयकादंबरीकारांची स्वतंत्र संघटना १९६० पासून आहे आणि ती पुरस्कारही देते. अमेरिकेतल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’चा ‘रिटा’ पुरस्कार तर या व्यवसायातला सगळ्यात मानाचा. त्याची अट सोपी: कथेच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट आशेचा हवा. पण २०१९ च्या अखेरीस त्या संस्थेत वर्णभेदावरून असं भांडण पेटलं की पुढच्या वर्षीचे पुरस्कारच रद्द झाले. ‘रिटा’ हे नाव गेलं, २०२१ मध्ये ‘व्हिव्हियन’ आला, त्यातलाही एक पुरस्कार दिल्यावर परत घेतला गेला आणि २०२४ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. टपालखर्च वाचवा.

तेव्हा जे काही करायचं ते मराठीतच. इथे मूळ सूत्र एकच आहे आणि बाकीची मार्गदर्शिका हा त्याचा विस्तार समजा: प्रेम लिहा, पण ते प्रेम आहे हे परीक्षकांना कळू देऊ नका.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वेशांतर. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. देवयानी कचावर जीव लावते, लग्न राजाशी करते, राजाचा जीव शर्मिष्ठेत अडकतो. हाच ऐवज गोंदियातल्या एखाद्या राइस मिलमालकाच्या घरात मांडला असता तर पुस्तक भाड्याच्या लायब्ररीत गेलं असतं. पुराणातला मुकुट चढवला म्हणून १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चं ज्ञानपीठ, तेही मराठीतलं पहिलं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. माधवराव आणि रमाबाई यांचं प्रेम हा त्या पुस्तकाचा अर्धा प्राण आहे. ते शनिवारवाड्यात घडतं म्हणून आपण त्याला ऐतिहासिक कादंबरी म्हणतो. १९६४ मध्ये अकादमी पुरस्कार तिलाही मिळाला.

शेवटाकडे नीट लक्ष द्या. ‘ययाति’त ऐन तारुण्यात शापाने आलेलं म्हातारपण आणि बापाने मुलाकडे मागितलेलं तारुण्य, ‘स्वामी’त क्षय, थेऊर आणि सती. अमेरिकनांना आशेचा शेवट लागतो. आपल्याकडे नायक-नायिका सुखाने नांदू लागली की परीक्षकांचा चष्मा खाली घसरतो. तुमच्या वहीतली दोघं शेवटी नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर हातात हात घालून बसली असतील, तर एकाला तरी उठवा. मारणं जिवावर येत असेल तर निदान सुरतेला कामाला पाठवा आणि पत्र येणं बंद करा.

दुसरा उपाय आपल्या विदर्भानेच घालून दिलेला आहे, आणि मला तो फार आवडतो. पु. य. देशपांडे यांची ‘बंधनांच्या पलीकडे’ १९२७ मध्ये आली आणि प्रेमाने बंधनं ओलांडावीत का यावरून मोठं वादळ उठलं. पुढे ‘सुकलेले फूल’ आली, तरुणांनी ती उशाशी ठेवली. अकादमीचा पुरस्कार मात्र त्यांना १९६२ मध्ये मिळाला, ‘अनामिकाची चिंतनिका’ या तत्त्वचिंतनाच्या पुस्तकाला. आज विदर्भ साहित्य संघाचा कादंबरी पुरस्कार त्यांच्याच स्मृतीचा आहे. यातून नवशिक्याने वेळापत्रक बांधावं: तिशीच्या आत प्रेम लिहावं, साठीला चिंतन लिहावं आणि नंतर आपल्या नावाने इतरांना पुरस्कार मिळू द्यावा.

इतका धीर नसेल तर ना. सी. फडक्यांकडे बघा, आणि बघून सावध व्हा. प्रेमकादंबरी हा मराठीत धंदा म्हणून उभा केला तो त्यांनी. वर ती कशी रचावी याचं ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तकही त्यांनी लिहिलं, तेव्हा आमच्यासारखे मार्गदर्शक त्यांच्यापुढे कालचे. त्यांना १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. साहित्य अकादमीच्या मराठी यादीत मात्र त्यांची एकही कादंबरी सापडत नाही. माणसाचा सत्कार झाला, नायिका दाराबाहेर उभ्या राहिल्या.

त्याहून पुढची गोष्ट चंद्रकांत काकोडकरांची. ज्यांच्या कादंबऱ्यांची बाइंडिंगं वाचून वाचून सुटत, त्यांतले ते एक. त्यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिची दखल घेतली ती न्यायालयाने. अश्लीलतेचा खटला चालला, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा वाचली आणि लेखकाला निर्दोष सोडलं. पुरस्कार समितीचे परीक्षक पुस्तक शेवटपर्यंत वाचतात की नाही याची शंका ज्यांना असते, त्यांनी ध्यानात घ्यावं: इथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी वाचून लेखी अभिप्राय दिला होता. असा मान फार थोड्या मराठी कथांना मिळाला आहे. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि उत्कृष्ट कथेचं फिल्मफेअर काकोडकरांना मिळालं. म्हणजे प्रेमकथेला पुरस्कार मिळतो. फक्त मधे राजेश खन्ना असावा लागतो.

राजेश खन्ना अर्जुनीत मिळणार नाही. तुमच्याकडे जे आहे त्याकडे वळू.

तुमच्याकडे भूगोल आहे, आणि पुरस्काराच्या दृष्टीने तो खणखणीत आहे. कादंबरीतली दोघं कॉलेजात भेटतात असं लिहिलं असेल तर ते खोडा. त्यांना धानाच्या रोवणीला भेटवा. गुडघाभर चिखल, पऱ्ह्यांच्या जुड्या, बांधीच्या धुऱ्यावरून चालणारी ती. संवाद झाडीबोलीत घाला. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तेव्हा निदान त्यांचं लेखन वाचून मग घाला. नुसते ‘ळ’ काढून टाकले की झाडीबोली होते असं समजणारे लेखक पुष्कळ झाले. एवढं केलं की तुमची प्रेमकथा ‘प्रादेशिक कादंबरी’ होते आणि परीक्षकांच्या अहवालात मातीचा गंध दरवळू लागतो. धान खरेदी केंद्रावरची रांग आणि बोनसचं राजकारण एका प्रकरणात आणलं तर ती थेट ‘सामाजिक वास्तवाचा वेध’ होते. त्या रांगेत दोघांची नजरानजर झाली तरी कोणी हरकत घेत नाही.

सारस पक्ष्याचा वापर जपून करा. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि जोडी जन्मभर टिकते ही त्यांची ख्याती असल्यामुळे प्रत्येक होतकरू लेखक पहिल्याच पानावर ती धानात उतरवतो. पक्षी उतरवायचाच तर नीट उतरवा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिले, इथल्या तलावावर आणि पाखरांवर त्यांनी लिहिलं आणि २००६ मध्ये सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी साहित्यात या तालुक्यातल्या पाखरांना जेवढा मान मिळाला तेवढा इथल्या एकाही प्रियकराला अजून मिळालेला नाही.

आता कागदपत्रं. पुस्तक छापून आलं की वर्तमानपत्रात ‘वाङ्मय पुरस्कारांसाठी आवाहन’ या मथळ्याच्या बातम्या दिसू लागतील. प्रती पाठवाव्यात, प्रती परत मिळणार नाहीत, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. इथपर्यंत ठीक. त्याखाली ‘प्रवेशशुल्क’ असेल तर रकमेकडे बघा. शुल्क, सोहळ्याची वर्गणी, स्मारिकेतली जाहिरात आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून पुरस्काराच्या रकमेपेक्षा जास्त होत असेल, तर तो पुरस्कार तुम्ही संस्थेला देत आहात. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळेल. श्रीफळ तेवढं उपयोगी पडतं.

पुरस्कार जाहीर झाला म्हणून लगेच पेढे वाटू नका. डिसेंबर २०२२ मध्ये अनघा लेले यांच्या अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि आठवडाभरातच शासनाने तो रद्द केला; त्या पुस्तकात प्रेम नव्हतं, राजकारण होतं. उलट नंदा खरे यांनी ‘उद्या’ला मिळालेला अकादमी पुरस्कार घेतलाच नाही. नाकारण्यातला रुबाब नवशिक्याला भुरळ घालतो, पण त्यासाठी आधी कोणीतरी द्यावा लागतो.

हे सगळं करूनही काही हाती लागलं नाही तर अर्जुनी स्टेशनवर जा आणि गोंदियाच्या उलट दिशेची गाडी पकडा. पुढे वडसा आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात, त्यांच्या कंपन्या तिथे बसतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे २०२३ मध्ये पद्मश्री झाले, तेव्हा तिला कमी लेखू नका. प्रेम लपवायची इथे कोणी अट घालत नाही. नाटकाच्या नावातच ते ढळढळीत लिहितात, आणि मंडईच्या जत्रेच्या किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री माणसं चादरी पांघरून, तिकीट काढून पहाटेपर्यंत बघतात. कंपनीवाला तुम्हाला गाणी किती, विनोदी पात्र कुठे आणि लावणी कोणत्या अंकात, एवढंच विचारील. सुरतेला गेलेला नायक परत आणायला सांगेल. आणा. मानधनाचं मात्र आधीच बोलून घ्या.