वाढदिवस आजोबांचा, ड्यूटीही आजोबांचीच

सोनपेठहून दुबईला जायचं तर दुबई हा त्या प्रवासातला सगळ्यात जवळचा टप्पा आहे. आधी गंगाखेड, परळी नाहीतर परभणी गाठून रेल्वे धरायची. नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला विमानतळ आहेत खरे, पण दुबईच्या विमानासाठी रात्रभर गाडीत बसून मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. मुंबईहून पुढे दुबईला तीन-सव्वातीन तास. एवढं असूनही मराठवाड्यातल्या घरांमध्ये एक नवी रीत रुजू लागली आहे. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, पदरी दीड-पावणेदोन वर्षांचं लेकरू आणि गावाकडे पंचाहत्तरीला टेकलेले वडील, अशी जुळणी झाली की वडिलांचा अमृतमहोत्सव दुबईत, सिंगापुरात किंवा थायलंडात होतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'वडिलांसाठी एवढं तरी करायलाच हवं' अशा ओळीसह फोटो येतात आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. आमचं म्हणणं एवढंच, की या सहलीचे कागद आणि कार्यक्रम नीट वाचले तर हा समारंभ नसून नेमणूक आहे. आजोबांना परदेशी फिरायला नेत नाहीत, लेकरू सांभाळायच्या कामावर नेतात.

सुरुवात तारखेपासून करू. आपल्या भागातल्या सत्तरीपुढच्या पुरुषांचे शाळेचे दाखले चाळले तर निम्मा तालुका 1 जूनला जन्मला की काय, अशी शंका येते. यात ग्रहांचा काही हात नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, पहिलीत नाव घालायला वय बसायला हवं, आणि बापाला विचारलं तर तो 'दुष्काळाच्या आदल्या साली, पोळ्याच्या सुमाराला' असं मोघम सांगायचा. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का, ते बघायचे आणि 1 जून लिहून मोकळे व्हायचे. ऐंशीपुढच्यांची गोष्ट आणखी गमतीची. 17 सप्टेंबर 1948 च्या आधी इथे जन्मलेला माणूस निजामाच्या राज्यात, फसली सनात आणि हाली सिक्क्याच्या चलनात जन्मला. परकं राज्य आणि परक्या नोटा त्याने पाळण्यातच पाहिल्या, आता त्याला दिरहॅमचं काय अप्रूप सांगता? ते असो. ज्याचा वाढदिवस गुरुजींनी सोयीनं ठरवला, त्याचा तो पुन्हा सोयीनं हलवता येतो, हे घराघरात पक्कं ठाऊक आहे. 1 जून गैरसोयीची निघाली तर 'आपण तिथीनं करू' असं ठरतं, आणि तिथी कुणालाच माहीत नसल्यामुळे ती कुठेही बसते. सोयीची निघाली तर दाखल्यावरची तारीख एकदम खरी होते. मग मृगाला आठवडा राहिलेला, बियाणं-खत घ्यायचं, पीककर्जासाठी बँकेत खेटे घालायचे, आणि शेतकरी बाप मात्र चाळीस अंशांच्या वर तापलेल्या दुबईत, सोबत येणाऱ्या भाऊ-बहिणींच्या मुलांच्या शाळा उघडायच्या आत परतायचं म्हणून. परभणीचा उन्हाळा सोडून दुबईच्या उन्हाळ्यात जाण्याला बदल म्हणायचं की बदली, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

खरी तारीख ठरते ती दुसऱ्याच वाढदिवसावरून. दोन वर्षांच्या आतलं बाळ विमानात मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं मोठ्या माणसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं असतं. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र आसन आलं आणि भाडंही आलं. त्यामुळे आजोबांना पंचाहत्तर कधी पूर्ण होतात यापेक्षा नातवाला दोन कधी पूर्ण होतात, याची काळजी जास्त. आता ते बाळ बसतं कुणाच्या मांडीवर, हा प्रश्न उरतो; तिकिटावर आईचं नाव असतं, मांडी कुणाची, हे उड्डाणानंतर अर्ध्या तासात कळतं. सरकारलाही म्हातारा आणि लेकरू एकाच रांगेत उभे करायची सवय आहे. आठ वर्षांच्या आतल्या आणि साठीच्या वरच्या अर्जदाराला नव्या पासपोर्टच्या शुल्कात 2017 पासून 10 टक्के सूट आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, पाच वर्षांखालच्या लेकरांना ती आधीपासूनच फुकट. म्हणजे सोनपेठच्या स्टँडवर हे कुटुंब लालपरीत चढलं तर आजा-नातू दोघंही बिनपैशाचे आणि तिकीट फक्त मधल्या पिढीचं. विमान कंपनी इतकी उदार नाही. ती आजोबांकडून जवळपास पुरतं भाडं घेते, प्रवासविमाही त्यांच्याच वयाला सगळ्यात महाग पडतो. एवढी रक्कम गुंतवली की ती वसूल करावीशी वाटणारच.

कुणी म्हणेल, आजोबांना आनंद मिळावा म्हणूनच ही सगळी धडपड आहे. तसं असतं तर बाजारात त्याची तयार सोय आहे. मराठी माणसाला जग दाखवणाऱ्या कंपन्या ज्येष्ठांसाठी खास सहली काढतात, वीणा वर्ल्डची 'सीनियर्स स्पेशल' तर याच नावाची. सोबत समवयस्क, चाल बेताची, जेवण वेळेवर आणि रात्री गप्पांना माणसं. आई-वडिलांना अशा सहलीत बसवून मुलानं घरी राहायचं, हा पंचाहत्तरीचा आहेर निम्म्या खर्चात होतो. तो पर्याय का निवडत नाहीत? कारण आजी-आजोबा एकटेच गेले तर लेकरू मुलगा-सुनेकडेच राहील. आणि कौटुंबिक सहल निवडली की तिथला कार्यक्रम पाहावा. दुबईला वाळवंटाची सफर असते. वाळूच्या टेकड्यांवरून जीप उलथीपालथी नेतात, आणि चालवणारेच आधी सांगतात की तान्ही मुलं, गरोदर बाया, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असलेली माणसं यांनी बसू नये. सिंगापूरला सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओ आहे. तिथे मोठ्या पाळण्यांपाशी उंची मोजतात आणि तब्येतीच्या सूचनांची पाटी असते. लेकराची उंची कमी भरते, आजोबांचा रक्तदाब जास्त भरतो. उरतात कोण, तर ज्या दोघांच्या नावानं सहल निघाली ते दोघं, बाकावर. अशा बागांमध्ये आई-बापांसाठी एक चांगली सोय असते: एकानं लेकरू धरायचं, दुसऱ्यानं पाळण्यात बसून यायचं, मग पुन्हा रांग न लावता पाळी बदलायची. आपल्या लोकांना ती सोय लागत नाही. आपण आजोबा घेऊन गेलेले असतो. बुर्ज खलिफाला तेवढं हे चालत नाही. 828 मीटरचा मनोरा असला तरी 124 व्या मजल्यावर लिफ्टच नेते, त्यामुळे तिथे आजोबांनाही नेतात, आणि काचेपाशी फोटो काढायचा म्हणून लेकरू त्यांच्याच कडेवर देतात.

कामाचं म्हणाल तर आपल्याकडे सालगड्यालाही याहून बरी वागणूक मिळते. त्याचं साल पाडव्याला ठरतं. वर्षाचे पैसे किती, उचल किती, ज्वारी किती, कपडे किती, हे चार माणसांसमोर बोललं जातं आणि नाही पटलं तर गडी दुसऱ्या मालकाकडे जातो. आजोबांशी असं काही बोलणं होत नाही. त्यांना फक्त सामानाच्या याद्या येतात. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घ्या, लेकरासाठी मेतकूट घ्या. पण दुबईला अनारसे नको, कारण अनारशाला खसखस लागते आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. सिंगापूर असेल तर चंची घरी ठेवा, चघळायची तंबाखू तिथे नेता येत नाही. तंबाखू नाही, आखाडा नाही, पारावरची मंडळी नाहीत; अशा माणसाचं लक्ष लेकराकडे पूर्ण लागतं, हे मान्य करावं लागेल. आणि ज्या सोहळ्यासाठी हा खटाटोप, तो किती वेळ चालतो? पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण करावं म्हटलं तर हॉटेलच्या छताला धुराची घंटा असते. म्हणून बॅटरीचे दिवे येतात. दुबईत रात्री बारा वाजता केक येतो. भारताच्या घड्याळात तेव्हा दीड वाजलेला असतो, आजोबा नऊलाच झोपलेले असतात, त्यांना उठवून आणतात. मेणबत्ती आजोबांची, फुंकतो नातू, कारण तो हट्ट करतो. यानंतर उत्सवमूर्ती कोण, या प्रश्नावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता एक वजनदार आक्षेप. जुनी रीत काय मोठी निर्मळ होती? साठीला उग्ररथ शांत, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, आणि पुढे सहस्रचंद्रदर्शन. या शेवटच्या विधीचा हिशोब मात्र दाद देण्यासारखा आहे: पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून थोडं जास्त, असे हजार फेरे झाले की ऐंशी वर्षं दहा महिन्यांच्या आसपास होतात. निदान इथे गुरुजींच्या 1 जूनला चंद्रानं भीक घातलेली नाही. पण या शांती मुलाच्या प्रतिष्ठेसाठीच होत असत, हे खरं. मांडव मुलाचा, पंगत मुलाच्या ऐपतीची, आणि अलीकडे चौकात फ्लेक्स, त्यावर वडिलांच्या फोटोपेक्षा नेत्याचा फोटो मोठा. हे सगळं कबूल. फरक एवढाच, की शांतीच्या दिवशी त्या माणसाला पाटावर बसवून ठेवतात. हातात दर्भ असतो, दुधाची बाटली नसते. लेकरू रडलं तर मांडवात सांभाळायला चुलत्या, आत्या, शेजारणी असतात. तो दिखावा होता, पण त्या दिखाव्यात म्हाताऱ्याला एक दिवस रजा होती.

दुसरा आक्षेप मायेचा, आणि तोच खरा कठीण. आजोबांना नातवात रमायला आवडतं, त्याला चाकरी म्हणणारे तुम्ही कोण? आवडतं, यात शंकाच नाही. पण त्यांना शेतही आवडतं. चाळीस वर्षं ते नांगरामागे राजीखुशीनं चालले, म्हणून त्या नांगरटीला कुणी त्यांच्या वाढदिवसाची भेट म्हटलं नाही. काम आवडीचं असलं तरी ते काम असतं आणि आवडणाऱ्या माणसाकडूनच ते फुकट करून घेता येतं. आठवणींचंही असंच. 'नातवाला आजोबांबरोबरची ही सहल जन्मभर आठवेल' असं म्हणतात. मोठ्या माणसांना स्वतःची पहिली आठवण विचारली तर ती बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. पावणेदोन वर्षांच्या लेकराला दुबई आठवायची नाही. आठवण मोबाइलमध्ये राहते, आणि मोबाइल मुलाचा. राहता राहिला मत्सराचा आरोप. परवडतं ते जातात, तुमचं पोट का दुखतं? तर परमुलखात लेकरं घेऊन जाणं या पट्ट्याला नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की इथले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. तान्ही लेकरं बरोबर कोपीवर, शाळेतली मागे गावात आजीपाशी. हीच व्यवस्था, फक्त तिच्या नावानं केक कापत नाहीत. तिथे मुकादम उचल आधी देतो, आणि मागे राहिलेली आजी लेकरं सांभाळते, याला सगळे सरळ सांभाळणंच म्हणतात. अमेरिकेतल्या लेकी-सुनाही त्या मानानं प्रामाणिक आहेत. बाळंतपणाला या, असं स्पष्ट कळवतात. सहा महिन्यांच्या मुक्कामाची मुदत घेऊन आधी आई जाते, ती परतली की सासू, आणि दोघींनाही ठाऊक असतं की आपण नायगारा पाहायला नव्हे, डिंकाचे लाडू करायला चाललो आहोत.

या सगळ्यात आजींचा वाढदिवस कुठेच आला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलं असेल. त्या पिढीतल्या बहुतेक बायकांना शाळा नव्हती, म्हणून त्यांच्या वाट्याला 1 जूनसुद्धा आला नाही. पुढे आधार कार्ड काढताना वय अंदाजे सांगितलं, आणि अंदाजे वयाला यंत्र 1 जानेवारी लावतं. त्यामुळे कागदोपत्री आजींच्या वाढदिवशी दुबईत रात्री बारा वाजता बुर्ज खलिफावर आतषबाजी होते. मुलगा त्याही सहलीची तिकिटं बघतो आहे म्हणे. तेव्हा भाडं जास्त असतं आणि लेकराला दोन वर्षं पूर्ण झालेली असतील, पण थोरल्याच्या पाठीवर आता धाकटं आलं आहे, ते मांडीवर बसेल.