अंजर्ल्याचं दार, डोंबिवलीची किल्ली

कोकणात बंगला बांधायचा आणि तो शनिवार-रविवार भाड्याने द्यायचा, असा जोडधंदा करणाऱ्या मालकांची आता एक स्वतंत्र जमात तयार झाली आहे. मालक राहतो डोंबिवलीला किंवा कोथरूडला. बंगला असतो दापोली तालुक्यात, अंजर्ल्याला नाहीतर कर्द्याला. आणि पाहुणे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पुण्याहून निघतात, ताम्हिणीच्या धुक्यात रांगतात आणि रात्री साडेअकराला फाटकाशी येऊन हॉर्न वाजवतात. आजवर अशा वेळी शेजारचे काका उठत, खुंटीवरची किल्ली काढत, बॅटरीच्या उजेडात दार उघडून देत आणि वर "चहा टाकायला सांगू काय?" असंही विचारत. या व्यवस्थेत एकच त्रुटी होती. खुंटी कुठे आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. गेल्या वीस वर्षांत वाडीतल्या कोणी त्या माहितीचा गैरवापर केला नाही, पण ही गोष्ट बंगल्याच्या जाहिरातीत लिहिता येत नाही. 'सेल्फ चेक-इन' लिहिता येतं. म्हणून मालक स्मार्ट लॉक घ्यायचं ठरवतो. त्याच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

खरेदीचं पहिलं पथ्य असं, की दाराकडे अजिबात बघू नये. आधी व्हिडिओ बघावेत. त्यातलं दार नेहमी पांढरं आणि गुळगुळीत असतं, त्याच्यामागे कॅलिफोर्निया असतो आणि फोन जवळ नेताच ते आज्ञाधारकपणे उघडतं. मग पार्सल आल्यावर कळतं, की अमेरिकी पद्धतीच्या डेडबोल्टला दारात दोन इंचांहून थोडं मोठं गोल भोक आधीपासून लागतं, आणि आपल्या दाराला आहे कडी, कोयंडा आणि आतून अडसर. त्यातून दार दोन झडपांचं असेल तर कुलूप नेमकं कोणत्या झडपेशी बोलणार, हा प्रश्न माहितीपत्रकात कोणी विचारलेलाच नसतो. भारतात विकली जाणारी बहुतेक डिजिटल कुलपं मॉर्टिस जातीची असतात, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवायची. डब्यावर दाराची किमान जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ती वाचायचं काम मालकाने सुताराकडे सोपवावं, कारण सुतार वाचतो.

सुताराला बोलवायचं ते जुलैत. हे वाचून कोणीही हसेल, पण या लेखातला हा सर्वांत गंभीर सल्ला आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं. मे महिन्यात बोटभर धक्क्याने मिटणारं सागवानी दार ऑगस्टमध्ये चौकटीत रुतून बसतं. ते उघडायची कला केअरटेकरला येते. डाव्या हाताने कडी धरायची, गुडघा दाराच्या खालच्या फळीला लावायचा, दार किंचित वर उचलायचं आणि मग खांद्याने लोटायचं. "दादा, वाईच वर उचला नि मग ढकला," असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. कुलपाच्या आतल्या मोटरला हे कोणी सांगत नाही. तिची ताकद बोल्ट मोकळ्या भोकात सरकवण्यापुरती असते. बोल्ट चौकटीच्या पट्टीला घासू लागला की ती कुरकुरते, तीनदा पिपाणी वाजवते, सेल खाते आणि शेवटी हात टेकते. म्हणून कोकणात बोल्ट मोटरने हलवणाऱ्या कुलपापेक्षा, कोड दाबल्यावर फक्त मुठीला मोकळीक देणारं आणि बाकीचं काम माणसाच्या मनगटावर टाकणारं कुलूप बरं. मनगट पावसाळ्यात फुगत नाही.

बोटाच्या ठशाचा मोह बहुतेकांना आवरत नाही. त्यात खाचा-खोचा बऱ्याच. पहिली म्हणजे पाहुण्याचं बोट आगाऊ मागवता येत नाही. ठसा नोंदवायला पाहुणा दाराशी आणि नोंदवून घेणारा त्याच्या शेजारी उभा असावा लागतो, आणि तो उभा राहणार असेल तर त्याच्या हातात किल्ली दिलेली काय वाईट? दुसरी खोच समुद्राची. ओल्या, वाळूने माखलेल्या, सनस्क्रीन लावलेल्या किंवा तासभर पोहून सुरकुतलेल्या बोटाची ओळख यंत्राला पटत नाही. त्यात पाहुण्यांनी हौसेने फणस फोडला असेल तर तो चीक निघेपर्यंत त्यांची ओळख सरकारदरबारीही पटणार नाही. ठसा मालकाचा आणि केअरटेकरचा ठेवावा. पाहुण्यांना अंकांवर भागवावं.

आता इंटरनेट. डोंबिवलीत सोफ्यावर बसून अंजर्ल्याचं दार उघडता येणं, हे सुख काय वर्णावं! त्यासाठी अंजर्ल्यात वीज हवी, विजेवर राउटर हवा, राउटरला जोडणी हवी आणि या तिन्ही गोष्टी एकाच रात्री हव्यात. पहिल्या मोठ्या सरीबरोबर वीज जाते, तिच्यामागोमाग वायफाय जातं, आणि थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी बसली की मोबाईलची रेंजही जाते. कुलूप स्वतःच्या सेलवर जिवंत असतं, पण ते जगापासून तुटलेलं असतं.

जोडणी शाबूत असली तरी निश्चिंत राहायचं कारण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या लॉकस्टेट या कंपनीने आपल्या कुलपांना इंटरनेटवरून सुधारणा पाठवली. ती चुकून दुसऱ्या मॉडेलची होती. सुमारे ५०० कुलपांचे कळफलक जागच्या जागी मुके झाले. आणि गोची अशी, की त्या सुधारणेने कुलपांची इंटरनेट-जोडणीच तोडली होती, त्यामुळे चूक दुरुस्त करणारी सुधारणा पाठवायला वाटच उरली नाही. यातले बरेच ग्राहक एअरबीएनबीवर घरं भाड्याने देणारे होते. कुलपाची किंमत ४६९ डॉलर. कंपनीने दोन पर्याय दिले. कुलपाचा मागचा भाग उपटून कुरियरने पाठवा, पाच ते सात दिवसांत दुरुस्त करून देतो. किंवा नवीन कुलूप घ्या, त्याला चौदा ते अठरा दिवस लागतील. तोवर काय वापरायचं? कुलपासोबत आलेली पितळेची साधी किल्ली. ज्यांनी ती जपून ठेवली होती त्यांचे पाहुणे आत झोपले.

त्याच्या काही महिने आधी ऑस्ट्रियातल्या रोमांटिक झेहोटेल येगरविर्ट या हॉटेलवर खंडणीखोरांनी संगणक-हल्ला केला. खोल्यांची कार्डं बनवणारी यंत्रणा बंद पडली. मालकाने दोन बिटकॉइन, त्या वेळचे साधारण १५०० युरो, मोजून सुटका करून घेतली. पाहुणे खोल्यांत कोंडले गेले, अशा बातम्या जगभर छापून आल्या. तसं काही झालं नव्हतं, फक्त नवीन कार्डं निघत नव्हती. तरी मालकाने जाहीर केलं, की पुढच्या नूतनीकरणात पणजोबांच्या काळातली कुलूप-किल्ली परत आणणार. कोकणातल्या मालकाला ही सोय आधीपासूनच उपलब्ध आहे, पण ती त्याला मागासलेली वाटते.

यातून मार्ग काढणारी एक खरी हुशार सोय मात्र आहे, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी होते. सिंगापूरच्या इग्लूहोमसारख्या कंपन्यांच्या कुलपांना रोजच्या वापरात इंटरनेट लागतच नाही. कुलूप आणि मालकाचं ॲप यांच्यात एक गुपित आकडेमोड आधीच ठरलेली असते. ॲप शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ एवढ्यापुरता कोड काढून देतं, आणि कुलूप स्वतःच्या घड्याळाकडे बघून ताडतं, की हा कोड आत्ता चालणारा आहे. बँकेच्या टोकनवर येणारे आकडे असेच जुळतात. वीज गेली, रेंज गेली, दापोलीचा रस्ता खचला तरी कोड चालतो. एक बारीक अट तेवढी वाचून घ्यावी. काही पद्धतींमध्ये असा कोड सुरू झाल्यापासून २४ तासांत एकदा तरी वापरावा लागतो, नाहीतर तो आपोआप बाद होतो. शुक्रवारचं आरक्षण करून शनिवारी संध्याकाळी उगवणारा पाहुणा ही अट हमखास मोडतो.

सेलचा विषय छोटा वाटतो, पण दाराबाहेर ताटकळायची पाळी बहुतेकदा सेलमुळेच येते. बहुतेक कुलपांत पेन्सिल सेल असतात, साधारण चार. ते अल्कलाइनचेच घालावेत. लिथियमचे सेल महाग आणि दमदार खरे, पण ते शेवटपर्यंत ठणठणीत दिसतात आणि मग एकदम मान टाकतात. कुलपाला 'सेल उतरले' म्हणून ओरडायलाही वेळ मिळत नाही. अल्कलाइन हळूहळू खंगतात, त्यामुळे अंदाज येतो. सेलचा कप्पा अर्थातच दाराच्या आतल्या बाजूला असतो, म्हणजे ते संपल्यावर बदलायला जिथे जाता येत नाही तिथेच. आत असलेल्या पाहुण्यांना मात्र तो सहज सापडतो, आणि क्रिकेटचा सामना चालू असताना टीव्हीचा रिमोट बंद पडला तर ते काय करतील याचा विचार मालकाने आधीच करून कपाटात चार जादा सेल ठेवावेत. बाहेरून तात्पुरती वीज द्यायला काही कुलपांना दोन टिकल्या असतात. त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून कोड दाबायचा. ही बॅटरी रात्री साडेअकराला अंजर्ल्यात कोण विकतं? त्यापेक्षा टाइप-सीचं भोक असलेलं कुलूप घ्यावं. पॉवर बँक हल्ली प्रत्येक पाहुण्याच्या पाठपिशवीत असते.

आता अंक. निक बेरी या विश्लेषकाने २०१२ साली फुटलेल्या चार-अंकी संकेतांक-याद्या तपासल्या, तेव्हा जवळपास ११ टक्के लोकांनी १२३४ हा अंक निवडलेला आढळला. चार अंकांचे दहा हजार कोड होतात. पण वर्षभर एकच कोड ठेवला की त्या चार कळांवरची छपाई झिजते, आणि कोणत्या चार कळा हे कळलं की उरतात फक्त चोवीस जुळण्या. चहा पिता पिता होतील इतक्या. कोड दर पाहुण्यागणिक बदलावा, हे त्याचं कारण. पाहुण्याच्या मोबाईलचे शेवटचे चार अंक देण्याची पद्धत सोयीची आहे, कारण पाहुणा ते विसरत नाही. त्याचे सगळे मित्रही ते विसरत नाहीत, पण तो पुढचा प्रश्न.

कोड रविवारी सकाळी अकराला संपेल असा लावण्यात मालकाला विलक्षण समाधान मिळतं. मुक्काम लांबवणाऱ्यांवर आता यंत्राचा वचक! प्रत्यक्षात आत बसलेल्या माणसाला कुलूप बाहेर काढू शकत नाही. सापडतं ते सज्जन कुटुंब. वेळेत निघायचं म्हणून पावणेअकराला शेवटचं एकदा पाण्यात पाय भिजवून येतं, आणि परततं तेव्हा बॅगा आत, ओले कपडे दोरीवर आणि दार बंद. एक तासाची सवलत कोडातच घालून ठेवावी आणि पाहुण्यांना ती सांगू नये.

चोराबद्दल दोन शब्द हवेत, कारण विक्रेता त्याच्याबद्दल दोनशे बोलतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डेफ कॉन परिषदेत दोन संशोधकांनी ब्लूटूथवर चालणारी १६ कुलपं तपासली आणि त्यांतली १२ दुरून उघडून दाखवली. काही तर संकेतांक उघड्या शब्दांत हवेत सोडत होती. २०१८ मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश कंपनीने टॅपलॉक नावाचं ठशाचं कुलूप दोन सेकंदांत उघडलं, कारण त्याची गुप्त किल्ली त्या कुलपाच्याच जाहीर ब्लूटूथ पत्त्यावरून काढता येत होती. तेव्हा नावाजलेल्या, सुधारणा पाठवत राहणाऱ्या कंपनीचं कुलूप घ्यावं, हे खरंच. पण दापोली तालुक्यातल्या चोराने ब्लूटूथ शिकायची वेळ अजून आलेली नाही. पुढच्या दाराला वीस हजारांचं कुलूप लावणाऱ्या त्याच बंगल्याच्या मागच्या पडवीला बोटभर लांबीची खिट्टी असते आणि पडवीवर कौलं असतात, जी हाताने सरकतात.

पाहुणा कोण आहे हे बघण्याची जबाबदारीही कुलूप घेत नाही. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, मग घर कितीही घरगुती असो. इटलीच्या गृहमंत्रालयाने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलिसांना परिपत्रक धाडलं, की पाहुण्याची ओळख यजमानाने समोरासमोरच पटवून घ्यायला हवी. त्याच सुमारास रोममध्ये पर्यटकांच्या गर्दीला वैतागलेल्या लोकांनी दाराबाहेरच्या किल्लीपेट्या निकामी करून त्यांवर रॉबिन हूडच्या टोपीची चित्रं चिकटवली. पुढे ते परिपत्रक कोर्टात गेलं आणि भांडण रंगलं. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो आला की ओळख पटली असं धरण्याचा रिवाज आहे. फोटो एकाचा येतो आणि गाडीतून अकरा जण उतरतात.

ब्रँड कोणता घ्यावा? अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची डिजिटल कुलपं आज बाजारात आहेत, येलची आहेत, आणखी डझनभर नावं आहेत. ती तुलना करत बसण्याआधी मालकाने त्या त्या कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करून बंगल्याचा पिनकोड सांगावा. पलीकडची शांतता जितकी लांब, तितकं ते कुलूप निरुपयोगी. खाऱ्या हवेत चकचकीत मुलामा किती टिकेल, हेही त्याच फोनवर विचारावं. आणि पितळेची किल्ली लागणारं भोक नसलेलं कुलूप, दिसायला कितीही देखणं असलं तरी, घेऊ नये.

त्या किल्लीचं काय करायचं, तर ती शेजारच्या काकांकडे द्यायची. केअरटेकरला मात्र किल्लीऐवजी स्वतंत्र सहा अंकी कोड द्यावा, म्हणजे तो कधी आला-गेला त्याची नोंद डोंबिवलीत दिसते. ही नोंद मालक पहिला आठवडा रोज रात्री वाचतो. त्याला समजतं, की केअरटेकर दिवसातून चारदा येतो: पाण्याची मोटर लावायला, गीझर बघायला, सिलिंडर बदलायला, टॉवेल द्यायला. त्याच्या गैरहजेरीतही दार त्याच्याच कोडाने उघडल्याचं दिसलं, तर मालकाने रागावू नये. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि मासेवाली मावशी यांची गैरसोय नको म्हणून त्याने तो कोड विजेच्या मीटरशेजारी भिंतीवर खडूने ठळक लिहून ठेवलेला असतो.