जळवांनी नाकारलेला माणूस

भांबवलीच्या वजराई धबधब्याची उंची १,८४० फूट सांगतात. तो तीन टप्प्यांत कोसळतो, उरमोडी नदी तिथेच उगम पावते, इत्यादी. कास मागे पडेपर्यंत ही सगळी माहिती मी गाडीत वाटून संपवली होती. कोणी मागितली नव्हती.

चालणं तसं थोडंच. पण पावसाळ्यात त्या रानवाटेवर सत्ता जळवांची. आधी साडू किंचाळले, मग मेहुणी, मग भाचा, शेवटी आमची ही. मीठ, हळद, सल्ले यांची एकच झुंबड उडाली. मी सगळ्यांना धीर देत हळूच स्वतःच्या पोटऱ्या चाचपत होतो. एकसुद्धा नाही!

आधी बरं वाटलं, मग अपमान. साडूंच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

जळू म्हणजे काही ऐरागैरा जीव नव्हे. धन्वंतरीच्या एका हातात अमृतकलश दाखवतात आणि दुसऱ्या हातात चक्क जळू. सुश्रुताने तिचे बारा प्रकार सांगितले, सहा विषारी, सहा निर्विष. वाग्भट तर म्हणतो, हंस जसा पाण्यातलं दूध तेवढं घेतो, तशी जळू दूषित रक्त आधी ओढते. हे आठवलं आणि माझी छाती फुगली. म्हणजे माझं रक्त शुद्ध! साडू रक्त पुसत असताना मी त्यांना अष्टांगहृदय समजावलं. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मात्र निर्विष नव्हती.

धबधबा? होता ना. वरचे टप्पे ढगात, खालचा कोणाच्या तरी स्पीकरवरच्या गाण्यात बुडालेला. एवढ्या लांब येऊन लोकांना पाण्याचा आवाज का नको असतो, कोण जाणे.

परतताना ही हळूच म्हणाली, "अहो, ते शुद्ध रक्ताचं पुरे आता. तुमचे मोजे रात्री तंबाखूच्या पाण्यात बुडवले होते मी. इस्त्री फिरवून वाळवले."

जळूच्या लाळेत हिरुडिन असतं, ते रक्त गोठू देत नाही. त्याच्याच धर्तीवर बनवलेलं औषध अँजिओप्लास्टीत वापरतात. माझीही झाली आहे, आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. मी ते विसरून हिंडतो. तिने मात्र जळू लागली तर काय, हे निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. तिच्या घोट्यावरचं रक्त अजून थांबलं नव्हतं.

"मग तुझे मोजे का नाही बुडवलेस?"

"एकच पुडी होती."

डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यापासून आमच्या घरात एकच पुडी असते, आणि ती कुठे असते हे फक्त मलाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. ती तिला कुठे सापडली, हे तिने सांगितलं नाही. मीही विषय बदलून उरमोडीच्या उगमाकडे वळलो.