फुकटचे कुलूप

ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे जे चित्र दिसते आणि ज्याच्या भरवशावर ग्राहक निर्धास्तपणे कार्डाचा क्रमांक टाकतो, ते कुलूप सर्व्हरच्या बाजूने पुष्कळदा हीच लायब्ररी लावते. ती फुकट मिळते, कोणीही वापरू शकतो आणि तिचा कोड कोणीही वाचू शकतो. यांपैकी पहिल्या दोन सवलतींचा जगाने मनसोक्त लाभ घेतला. तिसरी अजून बरीचशी शिल्लक आहे.

लायब्ररीचा जन्म डिसेंबर 1998 मधला. त्याआधी ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एसएसएलईएवाय नावाचा कोड लिहिला होता. ते दोघे दुसऱ्या नोकरीला गेले, मागे उरलेल्या कोडाचा संसार काही हौशी मंडळींनी पुढे चालवायला घेतला आणि बँका, दुकाने, सरकारे, दवाखाने असे सगळे हळूहळू त्या संसारात जेवायला येऊ लागले. 2014 सालापर्यंत पंगत एवढी वाढली की अपाची आणि एन्जिनएक्स हे ओपनएसएसएलच्या आधारावर चालणारे दोन सर्व्हर मिळून जगातील निम्म्याहून अधिक चालू संकेतस्थळे सांभाळत होते. स्वयंपाकघरात मात्र पूर्णवेळ माणूस एकच होता. प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे 2,000 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आत. पुण्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी गणेश मंडळाची वर्गणी याहून जास्त जमते आणि तिचा हिशेब तरी फलकावर लागतो.

मुक्त सॉफ्टवेअरचा एक लाडका सिद्धांत आहे. कोड सर्वांसमोर उघडा असला की इतक्या नजरा त्यावरून फिरतात की चुकीला लपायला जागा राहत नाही. सिद्धांत निर्दोष आहे. फक्त प्रत्येक नजर, शेजारच्या नजरेने पाहिले असेलच, असे धरून चालते.

या सिद्धांताची परीक्षा 31 डिसेंबर 2011 च्या रात्री सुरू झाली. जग नव्या वर्षाच्या स्वागतात गुंतले असताना, मध्यरात्रीला तासभर बाकी असताना, ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टबीट’ नावाची नवी सोय दाखल झाली. लिहिणारा जर्मनीतला एक पीएच.डी. करणारा संशोधक, तपासणारा प्रकल्पाचाच एक जुना जाणकार. चूक पहिल्याच्या हातून झाली आणि दुसऱ्याच्या नजरेतून सुटली. मार्च 2012 मध्ये 1.0.1 ही आवृत्ती बाहेर पडली आणि ती चूक जगभर रुजू झाली.

सोय साधी होती. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एका बाजूने छोटा संदेश पाठवायचा, सोबत त्याची लांबी कळवायची, आणि दुसऱ्या बाजूने तोच संदेश जसाच्या तसा परत करायचा. ‘नमस्कार, चार अक्षरे’ असे आले की सर्व्हरने ‘नमस्कार’ म्हणायचे. आता कोणी ‘नमस्कार, 64 हजार अक्षरे’ असे पाठवले तर? सर्व्हर आदबशीर होता. तो ‘नमस्कार’ म्हणे आणि उरलेली 63,996 अक्षरे आपल्या मेमरीत त्या शब्दाशेजारी जे काही पडले असेल त्यातून भरून देई. शेजारी कधी कोणाचा पासवर्ड असे, कधी कोणाचे पत्र, तर कधी ज्या खासगी चावीवर सगळे कुलूप अवलंबून असते ती चावीच. पाहुण्याने सांगितलेली लांबी पडताळून पाहायची एक अट लिहायची राहिली होती. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तसा हा प्रकार दोन वर्षे चालला. पीठ किती गेले याची नोंदही सर्वसाधारण सर्व्हरच्या नोंदवहीत होत नसे, त्यामुळे काही चोरीला गेल्याचा पुरावा नाही, असे पुष्कळ संस्थांना प्रामाणिकपणे सांगता आले.

7 एप्रिल 2014 रोजी चूक जाहीर झाली. ती गूगलमधील नील मेहता यांना आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन या कंपनीला स्वतंत्रपणे सापडली होती. फिनिश कंपनीने तिचे ‘हार्टब्लीड’ असे बारसे केले, तिच्यासाठी वेगळे संकेतस्थळ घेतले आणि रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचे बोधचिन्ह काढून घेतले. पंधरा वर्षे इमानेइतबारे राबलेल्या लायब्ररीला जी प्रसिद्धी मिळाली नव्हती, ती तिच्या चुकीला एका दिवसात मिळाली. तेव्हापासून नाव आणि चिन्ह नसलेल्या चुकीकडे वर्तमानपत्रे ढुंकूनही पाहत नाहीत.

याच प्रकरणात आळसाला इतिहासात क्वचित मिळणारा सन्मान मिळाला. चूक 1.0.1 मध्ये आली होती, 0.9.8 आणि 1.0.0 या जुन्या आवृत्त्यांत हार्टबीटची सोयच नसल्याने त्या सुखरूप होत्या. ज्यांनी सुरक्षेसाठी तत्परतेने अद्ययावत आवृत्ती बसवली ते उघडे पडले आणि ज्यांनी ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ हे धोरण निष्ठेने पाळले ते शहाणे ठरले. या विजयाने त्या पंथाचे बळ इतके वाढले की त्याची वसुली पुढची अनेक वर्षे चालू आहे. काही जणांना मात्र हे शहाणपणही टिकवता आले नाही. महिन्याभराने झालेल्या एका पाहणीत असे सर्व्हर आढळले, जे चूक जाहीर झाली तेव्हा सुरक्षित होते आणि नंतरच्या धावपळीत नेमक्या सदोष आवृत्तीवर नेले गेले. आणखी काहींनी गाजावाजा करून नवे प्रमाणपत्र घेतले, पण त्यामागची खासगी चावी जुनीच ठेवली.

खासगी चावी खरोखर चोरता येते का, यावर तज्ज्ञांत दुमत होते. क्लाउडफ्लेअर कंपनीला ते कठीण वाटले, म्हणून तिने एक सदोष सर्व्हर मुद्दाम उघडा ठेवून जगाला आव्हान दिले. दिवस मावळण्याआधीच उत्तर आले आणि शंका फिटली. कॅनडाच्या महसूल खात्याला असे आव्हान द्यावे लागले नाही. तेथून सुमारे 900 करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक गेले आणि ऐन विवरणपत्रांच्या हंगामात खात्याला आपली ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली.

मग पैशाचा विषय निघाला. बातमीनंतरच्या आठवड्यात प्रकल्पाकडे सुमारे 9,000 डॉलर जमले, बहुतेक पाच-पाच, दहा-दहा डॉलरच्या देणग्यांनी, सामान्य माणसांकडून. ज्या कंपन्यांचा सारा धंदा या कुलपामागे उभा होता, त्यांना खिसा सापडायला जरा वेळ लागला. 24 एप्रिलला लिनक्स फाउंडेशनने गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन, इंटेल अशा कंपन्यांना एकत्र आणून निधी उभारला. प्रत्येकीने वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षे. वरातीमागून का होईना, घोडे आले. लायब्ररीत पूर्णवेळ माणसे आली आणि कोडाची रीतसर तपासणी सुरू झाली.

ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींना एवढा धीर नव्हता. त्यांनी कोडाची प्रत काढून लिबरएसएसएल नावाने झाडलोट सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात 90 हजार ओळी केरात टाकल्या. त्या केरात 16 बिटांचे विंडोज, ओएस/2, नेटवेअर आणि जुने मॅकिंटॉश यांच्यासाठी जपून ठेवलेली तजवीज निघाली. म्हणजे जगातल्या ज्या यंत्रांना इंटरनेटची फिकीर उरली नव्हती, त्यांची फिकीर लायब्ररी करत होती. मेमरीची व्यवस्थाही लायब्ररीने वेगासाठी स्वतःची, घरगुती ठेवली होती. त्यामुळे मेमरीतील गैरवापर पकडणारी ओपनबीएसडीची साधने तेथे निरुपयोगी ठरत. लिबरएसएसएलचे पहिले संकेतपान मुद्दाम कॉमिक सॅन्स या अक्षरवळणात, लुकलुकत्या मजकुरासह केले होते आणि रसिकांना छळण्याचा हेतू पानावरच नमूद होता. सुरक्षा क्षेत्रात एवढा स्पष्ट खुलासा दुर्मीळ.

नजरा वळल्यावर सापडण्याचा वेगही वाढला. जून 2014 मध्ये एका जपानी संशोधकाला जी त्रुटी सापडली, ती ओपनएसएसएलच्या पहिल्या आवृत्तीपासून तेथे सुखेनैव नांदत होती. वय वर्षे साडेपंधरा. त्या वेळी लायब्ररीचे वयही तेवढेच.

याहून रम्य कथा ड्युअल ईसी या यादृच्छिक संख्या काढणाऱ्या पद्धतीची. अमेरिकेच्या मानक संस्थेने ही पद्धत संमत केली होती आणि तिला अमेरिकी हेरखात्याचे चोरदार असल्याचा संशय तज्ज्ञ 2007 पासून व्यक्त करत होते. एका पैसे देणाऱ्या ग्राहकाच्या आग्रहावरून ओपनएसएसएलच्या सरकारमान्य भागात ती घालण्यात आली. डिसेंबर 2013 मध्ये उघड झाले की ओपनएसएसएलमधली ती सोय कधी चाललीच नव्हती. त्यात अशी चूक होती की वापरू गेले की ती कोसळे. सरकारी प्रमाणपत्र तिला मिळाले होते, चाचण्या झाल्या होत्या, आणि तरीही कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण कोणी वापरलीच नव्हती. चूक दुरुस्त करायची म्हटले तर प्रमाणित कोडाला हात लावून पुन्हा खर्चिक प्रमाणनाच्या रांगेत उभे राहायचे. म्हणून ती तशीच ठेवली गेली. हेरखात्याचे दार सरकारी नियमांनी बंद ठेवल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

जुन्या नियमांचे भूत कसे मागे लागते हे मार्च 2015 मध्ये ‘फ्रीक’ नावाच्या त्रुटीने दाखवले. 1990 च्या दशकात अमेरिकी कायद्याच्या लेखी कूटलेखन हे शस्त्रास्त्रांच्या पंगतीत होते; परदेशी पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 512 बिटांपर्यंतची, म्हणजे मुद्दाम कच्ची चावी ठेवावी लागे. निर्बंध नव्या शतकाच्या तोंडावर सैल झाले. कोड तसाच राहिला. पंधरा वर्षांनी लक्षात आले की मधल्या वाटेवर बसलेला भामटा दोन्ही बाजूंना त्याच कच्च्या चावीवर राजी करू शकतो आणि ती चावी भाड्याच्या संगणकांवर सात-आठ तासांत, सुमारे 100 डॉलरमध्ये फुटते. ज्या स्थळांवर ही कच्ची चावी चालत होती त्यांत अमेरिकी हेरखाते एनएसए याचेही संकेतस्थळ होते. ओपनएसएसएलने ही त्रुटी जानेवारीतच बुजवली होती आणि तिला ‘किरकोळ’ असा दर्जा दिला होता. मार्चमध्ये तो ‘गंभीर’ करण्यात आला. पुढच्या वर्षी ‘ड्राउन’ नावाची त्रुटी आली. तिचे मूळ 1995 च्या एसएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत होते, आणि ती वापरू नये असे 2011 सालीच अधिकृतपणे जाहीर झालेले होते. जाहीर झाले म्हणजे झाले, अशी समजूत सरकारी कार्यालयांपुरती मर्यादित नसावी.

लायब्ररीत दुरुस्ती होणे आणि ती दुरुस्ती यंत्रापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सर्व्हर चालवणारा प्रशासक पॅच बसवू शकतो. पण हीच लायब्ररी राउटरमध्ये असते, कॅमेऱ्यात असते, प्रिंटरमध्ये असते, एखाद्या ॲपच्या पोटात परस्पर नक्कल करून ठेवलेली असते. तेथे ती कोणती आवृत्ती आहे हे मालकाला माहीत नसते, विकणाऱ्याला आठवत नसते आणि बनवणाऱ्याने त्या मॉडेलचे नाव टाकलेले असते. हार्टब्लीडच्या वेळी बहुतेक अँड्रॉइड फोन सुटले, फक्त 4.1.1 ही आवृत्ती अडकली. गूगलने दुरुस्ती दिली, ती फोनवर पोचवायची जबाबदारी फोन कंपन्यांची होती, आणि फोन कंपन्यांचे लक्ष पुढच्या मॉडेलकडे होते. जानेवारी 2017 मध्ये, म्हणजे पावणेतीन वर्षांनी, शोडान या शोधयंत्राला इंटरनेटवर हार्टब्लीड शाबूत असलेल्या सुमारे दोन लाख सेवा आढळल्या. दुरुस्ती फुकट होती. तिची किंमत शून्य असल्याने ती मंजूर करून घेण्यासाठी कोणत्या समितीपुढे न्यावी, हाच पेच असावा.

मुदतींचाही असाच अनुभव आहे. 1.0.2 या आवृत्तीचा मोफत आधार 31 डिसेंबर 2019 रोजी संपला, 1.1.1 चा 11 सप्टेंबर 2023 रोजी. दोन्ही तारखा खूप आधी कळवल्या होत्या. त्यानंतरही ज्यांना जुन्याचा विरह सोसत नाही त्यांच्यासाठी सशुल्क आधाराची सोय आहे. फुकट दुरुस्तीला पूर्वी फारसे गिऱ्हाईक नव्हते, ती विकत मिळू लागल्यावर तिला खरेदी विभागात तरी मान मिळाला. दरम्यान, नोव्हेंबर 2022 मध्ये जुन्याच्या पंथाला पुन्हा एक दिवाळी साजरी करता आली: नव्या 3.0 मालिकेत मोठी त्रुटी निघाली, आधी ‘अतिगंभीर’ म्हणून आठवडाभर जगाला जागे ठेवले, नंतर ‘गंभीर’वर भागवले, आणि 1.1.1 वाले पुन्हा सुखरूप निघाले. त्यांच्यातल्या अनेकांनी याच आधारावर पुढचे स्थलांतर लांबवले आणि दहा महिन्यांनी त्यांची आवृत्ती निराधार झाली.

3.0 मालिकेचा मोफत आधार 7 सप्टेंबर 2026 पर्यंत जाहीर झालेला आहे. आपल्या यंत्रात ओपनएसएसएलची कोणती आवृत्ती आहे हे ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ एवढ्या एका आज्ञेने कळते. ज्यांच्या हाती सर्व्हर आहे त्यांनी ती आज आपल्या हाताने द्यावी. शेजाऱ्याने दिली असेल असे समजू नये.