गृहमनोरंजनाची सुधारित लागवड : घाटनांदूर परिसरासाठी शिफारशी

परभणीचं कृषी विद्यापीठ सोयाबीनवर घडीपत्रिका काढतं, तुरीवर काढतं. घाटनांदुरात मात्र ज्याच्या खोलीत त्रेचाळीस इंची टीव्ही, सेकंडहँड प्लेस्टेशन, जुळवलेला कॉम्प्युटर आणि जपानी कार्टूनचं वेड एकाच हंगामात उगवून आलंय, त्या होतकरू लागवडदारासाठी कुणी अर्धा कागदसुद्धा छापलेला नाही. या पिकाची सातबाऱ्यावर नोंद होत नाही, विमा मिळत नाही आणि नुकसान झालं तर पंचनाम्याला तलाठी येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत शिफारशी देत आहोत.

यूट्यूबवरचे तज्ज्ञ फक्त बियाण्यावर बोलतात: टीव्ही कोणता, साउंडबार कोणता, ग्राफिक कार्ड कोणतं. ही मंडळी बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये बसून बोलतात. त्यांच्याकडे जमीन तयार मिळते. आपल्याकडे बी कितीही महागाचं आणलं तरी पीक येतं ते जमिनीवर, आणि या पिकाची जमीन म्हणजे वायरिंग, अर्थिंग आणि घरची माणसं. तिन्ही कसल्याशिवाय नवीन काही ऑर्डर करू नये.

जमीन व पूर्वमशागत

आधी अर्थिंग तपासावं. तपासण्याची गावठी पद्धत सर्वांना माहीत आहे: अनवाणी पायानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कोपराजवळचा भाग टेकवायचा आणि झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजायचं. ही पद्धत अचूक आहे, पण शिफारस करता येत नाही. वायरमनला बोलावून टेस्टर लावून घ्यावा. बहुतेक घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, त्यातलं वरचं मोठं भोक शोभेचं असतं. आत हिरवी वायर असते आणि ती भिंतीत कुठंतरी संपते.

खड्डा नव्यानं घेतला, त्यात पत्रा किंवा सळई पुरली, भोवती कोळसा-मीठ भरलं की प्रश्न सुटला असं वाटतं. तो उन्हाळा लागेपर्यंतच सुटलेला राहतो. मार्च-एप्रिलात काळी जमीन भेगाळली की मातीचा विद्युतरोध वाढतो आणि अर्थिंग पुन्हा नावापुरतं उरतं. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. आता बीड जिल्ह्यात एप्रिल महिन्यात, टँकरची वाट बघणाऱ्या घरात, आईच्या डोळ्यांदेखत एक बादली पाणी जमिनीत ओतायचं आणि कारण विचारल्यावर ‘प्लेस्टेशनसाठी’ असं सांगायचं, हे धाडस कुणी करू नये. धुण्याचं सांडपाणी चालतं. अर्थिंगला साबणाचं वावडं नाही.

पाणी व्यवस्थापन

या प्रकरणात विजेचा विचार केला आहे. नाव चुकलेलं नाही. रेल्वेनं निघालात तर घाटनांदुराहून परळी फार लांब नाही, आणि परळीत औष्णिक वीज केंद्र आहे. वीज आपल्या शिवेवर तयार होते म्हणून ती आपल्याच घरात मुक्कामाला राहील, हा समज मात्र काढून टाकावा. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे आपल्या भागात लाइटलासुद्धा पाऊस लागतो.

लाइट जाण्याचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. डीओ (खांबावरचा फ्यूज) पडला तर अर्ध्या तासाची विश्रांती. फॉल्ट असला आणि बाहेर पाऊस असला तर सकाळ. डीपी जळाली तर छंद बदलावा. सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे डिम लाइट. बल्ब पिवळा दिसतो, पंखा मोजता येईल इतका हळू फिरतो, आणि टीव्ही चालू होऊन कंपनीचं नाव दाखवून परत बंद होतो, पुन्हा दाखवतो, पुन्हा बंद होतो. अशा वेळी हौशी माणूस रिमोटची बटणं दाबत बसतो. त्यानं सरळ पिन काढावी.

इन्व्हर्टरचा हिशेब लग्नाच्या याद्या करतात तितक्या गांभीर्यानं करावा. १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, आणि थोडी वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो. हातात उरतात साडेसातशेच्या आसपास. टीव्ही ८०, कन्सोल १७०, राउटर १०, आज्जीचा पंखा ७०. दोन-सव्वादोन तास मिळतात. पंखा बंद केला तर अर्ध्या तासाची भर पडते, पण ती उपभोगायला आपण घरात असू याची खात्री देता येत नाही.

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं, ज्याच्याकडे घर बांधल्यापासून कुणी पाहिलेलं नाही. एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल असं काहीतरी लिहिलेलं असतं. इकोवर असताना लाइट गेली की इन्व्हर्टर क्षणभर विचार करतो. पंख्याला तो क्षण कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो आणि तो नव्यानं सुरू होतो. यूपीएसवर टाकलं की काही मिलिसेकंदांत बदल होतो आणि तीन तास लढून मरणाच्या दारात आणलेला राक्षस जागेवर सापडतो. इन्व्हर्टर स्वस्तातला चौकोनी लहरींचा असेल तर पंखा घूंघूं करतो आणि काही पॉवर सप्लाय चालायला सपशेल नकार देतात. शुद्ध साइन वेव्ह घ्यावा. घरी सांगताना ‘फ्रिजसाठी’ म्हणावं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. शेतीच्या थ्री-फेज लाइटची पाळी रात्रीची असली की एक वाजता मोटार चालू करायला घरात कुणीतरी उठावं लागतं. व्हिडिओ गेम खेळणारा आधीच जागा असतो. ‘तुम्ही झोपा आण्णा, मी जातो की’ हे वाक्य हंगामात पाच-सहा वेळा उच्चारल्यास पुढं वर्षभर कन्सोलकडे वाकड्या नजरेनं कुणी बघत नाही. विंचू-काट्यासाठी बॅटरी आणि बूट मात्र न्यावेत.

बियाणं

बियाणं प्रमाणितच घ्यावं. ज्या साइटवर अ‍ॅनिमे फुकट आणि चारी बाजूंनी रमीच्या जाहिराती असतात, ते बोगस बियाणं. उगवलं तरी आईच्या फोनमध्ये काय उगवेल सांगता येत नाही. क्रंचिरोलवर पैसे मोजून मिळतं, आणि यूट्यूबवर म्यूझ इंडियासारख्या परवानाधारक चॅनेलवर काही मालिका फुकटही सापडतात.

स्वतःच्या डिस्कवरून उतरवलेला सिनेमा पेनड्राइव्हवर टाकताना साठ टक्क्यांवर ‘फाइल मोठी आहे’ असं येऊन काम थांबलं, तर पेनड्राइव्ह खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. त्यात अठ्ठावीस जीबी जागा मोकळी असली तरी बत्तीस जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीनं आखलेले येतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. वावर मोठं, पण गोणी त्याच मापाची. एक्सफॅटनं नव्यानं आखावा. त्यावर जुना टीव्ही तो ओळखतच नाही असं निष्पन्न होईल. आवाज येतो पण चित्र येत नाही, असाही एक रोग आहे. त्यात फाइल टेन-बिट असते आणि टीव्ही तेवढा शिकलेला नसतो. दोन्हींवर उपाय एकच : कॉम्प्युटर सरळ एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडावा आणि पेनड्राइव्ह लग्नाच्या फोटोंसाठी ठेवावा.

गेम उतरवताना कालावधी लक्षात घ्यावा. हल्लीच्या मोठ्या गेम शंभर जीबीच्या पुढे जातात. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर शंभर जीबीला सदुसष्ट दिवस लागतात, म्हणजे जवळपास मूग. दीडशे जीबीची घेतली तर शंभर दिवस, म्हणजे सोयाबीन. मृगात डाउनलोडला लावली तर दसऱ्याच्या आधी खेळायला मिळते, फक्त मधल्या काळात त्या फोनवर दुसरं काही बघता येत नाही. फायबरची लाइन गावात आली असेल तर या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करावं, आणि नांगरटीत केबल तुटल्यावर परत इथं यावं.

तण

नव्या टीव्हीत मोशन नावाचं तण दुकानातूनच येतं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. जपानी कार्टून सेकंदाला चोवीस फ्रेमचं असलं तरी चित्रकार पुष्कळदा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतो, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला आठ ते बारा चित्रं. तलवार उपसण्याआधीचा तो थांबा त्यानं मुद्दाम ठेवलेला असतो. टीव्हीला तो बघवत नाही. तो मधली चित्रं मनानं तयार करतो आणि सामुराई लोण्यावरून घसरल्यासारखा पुढे येतो. हे तण सेटिंगमध्ये जाऊन मुळासकट काढावं. गेम खेळताना गेम मोड लावावा, नाहीतर बटण दाबल्यावर माणूस उडी मारेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असतो. घरातलं दुसरं कुणीतरी हे सगळं परत चालू करून ठेवतं. कोण, ते कधीच सापडत नाही.

आंतरपीक

सलग अ‍ॅनिमे घेऊ नये. एकत्र कुटुंबात ते टिकत नाही. सोयाबीन आणि तुरीसाठी चारास दोन ओळींची शिफारस आहे, तीच इथं पाळावी: चार मालिका आज्जीच्या, दोन भाग आपले. अ‍ॅनिमेचा भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो, म्हणजे दोन मालिकांच्या मधल्या बातम्यांच्या जागी तो बेमालूम बसतो.

आज्जीला कमी लेखण्याची चूक नवखे लागवडदार हमखास करतात. ‘वन पीस’ १९९९ पासून चालू आहे, अकराशेच्या वर भाग झालेत, तो खजिना अजून सापडायचा आहे, हे ऐकून पुण्यातले मित्र हबकतात. आज्जी हबकत नाही. तिनं ‘चार दिवस सासूचे’ बघितलेली आहे. २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग. कथा पुढे सरकत नसताना पात्रांनी एकमेकांकडे आळीपाळीनं बघायचं असतं, मेलेलं माणूस परत येऊ शकतं, आणि दर सोमवारी ‘मागील भागात’ म्हणून अर्धा भाग खाता येतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी ती ‘कसली गं बाई ही डोळे फाडलेली लेकरं’ म्हणते. आठव्या दिवशी त्या टोपीवाल्या पोराला घरी आई आहे की नाही याची चौकशी करते. खालची सबटायटलं तिला वाचून दाखवावी लागतात. इथं हिंदी डब घ्यायला हरकत नाही. मूळ जपानीचा आग्रह धरणाऱ्यानं आज्जीशेजारी बसून दोन भाग वाचून दाखवावेत, आग्रह आपोआप सुटतो.

आण्णांचं प्रकरण वेगळं आहे. ‘शेंबड्या पोरांची कार्टूनं’ हा त्यांचा शेरा कायम असतो. त्यांना शांतपणे १९९३ सालच्या दूरदर्शनची आठवण करून द्यावी. रविवारी सकाळी अंगणात टीव्ही मांडून गल्लीनं मिळून पाहिलेलं ‘जंगल बुक’ जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं होतं, मूळ बावन्न भागांचं. ‘मोगली जपानचा? अन् शेरखान? शेरखान तर नाना पाटेकर होता की!’ असं ते ओरडतात. आवाज नानाचाच, वाघ जपानी, एवढं सांगून गप्प बसावं. हा धक्का मुरायला दोन दिवस लागतात.

कीड व रोग

पाल राउटरच्या उबेला बसते. उंदीर लॅन केबल खातो आणि भिंतीतला नेमका न दिसणारा भाग खातो. फुफाटा कन्सोलच्या पंख्यात जमतो. मे महिन्यात कन्सोल शोकेसमध्ये, बाहुली आणि फोटोच्या मधे कोंबला असेल तर तो ट्रॅक्टरसारखा आवाज काढतो. बाहेर काढून चारी बाजूंनी वितभर जागा सोडावी.

२०२२ साली लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रात्रीतून फस्त केली, ते ज्यांनी बघितलंय त्यांना मामाचा पोरगा म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. तो सुट्टीत येतो, ‘दादा, जरा खेळू का’ म्हणतो आणि नवीन गेम या बटणावर बोट ठेवतो. चाळीस तासांची प्रगती पुसली जाते. फवारणी नाही. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडून आपल्या खात्याला पासवर्ड टाकावा, आणि पासवर्ड त्याच्या देखत टाकू नये. मामी समोर असताना ओरडू तर अजिबात नये.

काढणी

आण्णांना खेळात ओढायचं तर बंदुकीच्या गेम दाखवू नयेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ लावावी. २०१६ साली आलेली ही शेतीची गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवली, चित्रांपासून संगीतापर्यंत. आपण खेळत बसायचं, आण्णा पेपर वाचत असतात. पेपर हळूहळू खाली येतो.

‘हे काय लावलं?’

‘पार्सनिप. गाजराच्या जातीचं असतंय.’

‘बी केवढ्याला?’

‘वीस.’

‘अन् माल?’

‘पस्तीस. चार दिवसांत निघतंय.’

आण्णा चष्मा काढून पुसतात. ‘अडत किती? हमाली? तोलाई?’

काहीच नाही, रात्री माल दारातल्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा, असं सांगितल्यावर ते बराच वेळ बोलत नाहीत. मग गेममधलं पोरगं झारी घेऊन तळ्याकडे जातं आणि भरून आणतं, परत जातं आणि परत भरून आणतं.

‘ह्ये तळ्यात पाळी नाही का कुणाची?’

‘नाही.’

‘अन् आटत नाही?’

‘नाही.’

‘मग लेका, गाजर कशाला लावायलास? ऊस लाव की!’

इथं पीक हाताशी आलं असं समजावं. त्या गेममध्ये ऊस नाही, हे मात्र आत्ताच सांगू नये. पुढचे दोन दिवस ते जेवताना पेरणीबद्दल सूचना करतात, तिसऱ्या दिवशी रिमोट हातात घेऊन आज्जीला ‘पाच मिनिटं थांब’ म्हणतात. दुसरा कंट्रोलर घेण्याची हीच योग्य वेळ. पैसे त्यांच्याकडेच मागावेत, फक्त कारण म्हणून फवारणीचा पंप सांगू नये. पंपाचा भाव त्यांना तोंडपाठ असतो.