माननीय फ्युचर परफेक्ट टेन्स साहेबांस

प्रति,
माननीय श्री. फ्युचर परफेक्ट टेन्स साहेब,
मुक्काम टेन्स चार्ट, ओळ तिसरी, रकाना शेवटचा.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

साहेब, पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांवर आपले जे उपकार आहेत, त्यांबद्दल जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. आधी 'विल', मग 'हॅव', मग व्ही थ्री. साधा डबा खाऊन संपवायला तीन-तीन माणसं कामाला लावणारा आपल्यासारखा दिलदार मालक हल्ली मिळतो कुठे?

आपली शिकवायची रीत तर थोरच. 'ही, शी, इट' आलं की 'हॅज', हे आमच्याकडून हातावर पट्ट्या मारून घोटून घेतलं. ते कसंबसं अंगवळणी पडतंय तोच आपली स्वारी आली आणि म्हणाली, 'ही विल हॅव गॉन'. 'ही' जागच्या जागी, 'हॅज' मात्र बेपत्ता! सरांना विचारलं तर म्हणाले, 'विलपुढे सगळे सारखे.' एवढी समता उरलेल्या चार्टवरही नांदली असती तर आमचे तळहात वाचले असते, पण मोठ्यांच्या कारभारात आम्ही कोण बोलणारे.

'आय' असेल तर 'शॅल', 'यू' असेल तर 'विल', ही आपली मानपानाची पद्धतही आम्ही मुकाट्याने पाळली. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, आणि त्यात हा भेद मांडला. आम्ही तो तालुक्याच्या शाळेत इमानाने पाठ केला. नोकरीला लागल्यावर कळलं की 'शॅल' आता बहुतेक 'निघू या का?' असं विचारण्यापुरताच उरलाय. हरकत नाही. पाठांतराने स्मरणशक्ती वाढते म्हणतात.

आपले कुलोपाध्याय, म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकाचे कर्ते रेन आणि मार्टिन, यांनाही दंडवत सांगा. त्यातले पी. सी. रेन हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरीला होते. फ्रेंच फॉरेन लीजनच्या शिपायांवरची त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ साली आली. माणसांना वाळवंटात कसं अडकवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि काळांचा तक्ता उघडला की त्याची प्रचीती येते.

तक्त्याखालच्या उदाहरणांतलं आपलं जग किती वक्तशीर! आम्ही स्टेशनवर पोहोचतो तेव्हा गाडी सुटलेली, पाहुणे येतात तेव्हा पंगत उठलेली, दुकानाशी जातो तेव्हा शटर ओढलेलं. पानंच्या पानं वाचली, पण एकाही वाक्यात कुणाला गाडी मिळाली नाही. बाळबोध वयातच आयुष्याची एवढी तयारी करून घेतलीत, याचं ऋण कसं फेडावं?

आणि तो 'बाय द टाइम'! आमची सरळ समजूत अशी, की उद्याची गोष्ट आहे तर दोन्हीकडे 'विल' लावावा. मायबाप भविष्यकाळाला कशाला कमी पडू द्या? म्हणून 'बाय द टाइम यू विल कम' असं भक्तिभावाने लिहिलं, तर वहीत लाल फुली. उद्या येणाऱ्या माणसानेसुद्धा आपल्या दारात वर्तमानकाळातच यायचं असतं म्हणे. घराण्याची शिस्त आहे, आम्हीच अडाणी.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरण २००२ साली निघालं. इंग्रजीत भविष्यकाळ नावाचा काळच नाही, 'विल' हा 'कॅन', 'मे' यांच्याच पंगतीतला, असं त्यात सांगितलंय. म्हणजे आम्ही रात्र रात्र जागून जो काळ पूर्ण करत होतो, तो मुळात नव्हताच. मन मोठं करून ही गोष्ट आपण आमच्यापासून लपवलीत, केवढा हा जिव्हाळा!

आता थोडं आमच्या घरचं. आमच्याकडे आपल्या जागेवर 'असेल' बसतो. रात्री अकरा वाजता लेकीचा फोन लागत नसतो, आई गॅलरीतून रस्त्याकडे बघत म्हणते, 'पोचली असेल हॉस्टेलवर.' काळ पूर्ण, क्रिया पूर्ण, खात्री शून्य. तसा अंदाज आपणही कधीमधी करता, पण चार्टवर तो रकाना छापत नाहीत. प्रतिष्ठेचा प्रश्न असावा. आम्हाला खात्री द्यायचीच झाली तर आम्ही सरळ भूतकाळात शिरतो. मित्र फोनवर 'आलोच' म्हणतो तेव्हा त्याची बादली अजून भरत असते आणि टॉवेल खांद्यावर असतो. आपल्या तीन नोकरांचं काम आमचा एकटा 'च' बिनपगारी करतो. मित्र येत नाही तो भाग वेगळा.

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. तेव्हापासून अधिकारी मंडळी आपलीच भाषा बोलतात : 'बाय नेक्स्ट गणपती, द वर्क विल हॅव बीन कम्प्लीटेड.' काय तो रुबाब, अगदी शिक्कामोर्तब! पण बातमी मराठीत छापताना 'काम पूर्ण झालेलं असेल' असं होतं. चाकरमानी तो 'असेल' बरोबर ऐकतो, 'असेल बुवा' म्हणतो आणि कोकण रेल्वेचं तिकीट मिळतंय का ते बघायला लागतो. आपलं इतकं प्रामाणिक भाषांतर दुसऱ्या कुणी केलं असेल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे, ज्यांचे आपण लाडके, ते आपल्याला फारसं विचारत नाहीत. कामाच्या फोनवर पलीकडचे लंडनवाले साहेब 'आयल बी डन बाय सिक्स' म्हणून मोकळे होतात. आणि चुकून आपल्याला आणलंच तर 'विल हॅव'चं 'लव' करून गिळून टाकतात. अलीकडे आम्ही मनातल्या मनात व्ही थ्री जुळवून, घसा खाकरून, प्रत्येक शब्द सुटा उच्चारत 'वी विल हॅव सेंट द फाइल' म्हणतो. पलीकडे क्षणभर शांतता पसरते. आदरानेच असणार.

तेव्हा साहेब, एकच मागणं. धाकटीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. 'डू अॅज डायरेक्टेड'मधला आपला एक गुण आपण हक्काने घ्या, आमची तक्रार नाही. फक्त खालच्या ओळीत राहणारे आपले बंधू, श्री. फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस, यांना सोबत आणू नका. 'विल हॅव बीन' म्हणत ते एकदा घरात शिरले की उठायचं नाव घेत नाहीत, आणि आमच्याकडे खुर्च्या मोजक्याच आहेत.

लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक व्ही थ्रीग्रस्त